मुलगी ‘एचआर’ घ्यायचे म्हणते

मागच्या अंकात आम्ही नर्सिंगविषयी लिहिले होते आणि या वेळी फार्मसीवर लिहू असे कबूल केले होते. ते पुढच्या अंकात. मध्येच एक वेगळा विषय घरी चालत आला.

असरच्या नमाजनंतर ओळखीतले एक गृहस्थ आले. बरोबर पत्नी आणि बारावी कॉमर्सला असलेली मुलगी. भिवंडीत त्यांचा कपडे शिवण्याचा छोटा कारखाना आहे, चौदा कारागीर. चहा येईपर्यंत इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग ते म्हणाले, "चाचा, तुम्ही मासिकात शिक्षणावर लिहिता म्हणून आलो. ही म्हणते बी.कॉम. नको, बीबीए करायचे आणि त्यात एचआर घ्यायचे. एचआर म्हणजे नक्की काय? आमच्या भाच्याच्या कंपनीतली एचआरवाली बाई वाढदिवसाला केक आणते आणि लोकांना कामावरून काढते. मला एवढेच माहीत."

मुलगी खाली मान घालून हसली. आम्हालाही हसू आले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमच्या पुष्कळ घरांत या पदवीविषयी दोनच मते आहेत. एक, "मुलींना बरे, एसीत बसून काम." दुसरे, "फाडफाड इंग्रजी येणाऱ्यांचे काम, आपले नव्हे." दोन्ही मते अर्धवट आहेत. आम्ही स्वतः ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात बावीस वर्षे काढली. हजेरी, ओव्हरटाइम, पगारपत्रक, रजा, फायनल हिशेब हे आमचे रोजचे काम. त्या वेळी याला कोणी एचआर म्हणत नसे. वर कामगार अधिकारी, खाली आम्ही कारकून. आज त्याच खात्याला ‘मनुष्यबळ व्यवस्थापन’ म्हणतात आणि त्याची पदवी मिळते.

पदवीविषयी आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. बीबीए किंवा बीएमएसला प्रवेश घेतला म्हणजे पहिल्या दिवसापासून एचआर शिकवतात असे नाही. सुरुवातीला हिशेब, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, विपणन, व्यवसायाचे कायदे असे सगळे थोडे थोडे असते. पुढे मार्केटिंग, फायनान्स किंवा एचआर यांपैकी एक वाट निवडायची. एचआरच्या वाटेवर भरती आणि निवड, प्रशिक्षण, कामाचे मूल्यमापन, वेतन, औद्योगिक संबंध, कामगार कल्याण असे विषय येतात. मॅस्लोची गरजांची उतरंड येते आणि प्रेरणेचे सिद्धांत येतात. मुले ती उतरंड पाठ करून चांगले गुण मिळवतात. पहिल्या नोकरीत मात्र साहेब विचारतो, हजेरीवरून एक्सेलमध्ये पगार काढता येतो का? नव्या माणसाचा पीएफचा यूएएन नंबर काढता येतो का? तिथे उतरंड कामाला येत नाही.

म्हणून आम्ही मुलीला सरळ विचारले, "गणित कसे आहे?" ती म्हणाली, "ठीक आहे." मग आम्ही तिच्यापुढे कागद ठेवला. एका कामगाराचा मूळ पगार पंधरा हजार. पीएफ बारा टक्के म्हणजे त्याच्या पगारातून १,८०० कापले. मालकानेही तेवढेच भरायचे. पण मालकाच्या त्या १,८०० मधून पगाराचे ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये, पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले ५५० पीएफमध्ये. ईएसआयसीचे कामगाराकडून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के, पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर. हाच माणूस दहा वर्षांनी, पगार तोच धरला तरी, नोकरी सोडून गेला तर ग्रॅच्युइटी किती? पगाराला सव्वीसने भागायचे, पंधराने गुणायचे, वर्षांनी गुणायचे. तिने मोबाईलवर हिशेब केला आणि म्हणाली, "८६,५३८." बरोबर होते. तिचे अब्बा तो आकडा वाकून बघत राहिले.

त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. एकोणतीस जुने कायदे त्यात गोळा केले आहेत. त्यातली एक गोष्ट घराघरांत माहीत असायला हवी. पुष्कळ ठिकाणी पगार वीस हजार दाखवतात, पण ‘बेसिक’ फक्त सात हजार. बाकीचे तेरा हजार भत्ते. मग पीएफ आणि ग्रॅच्युइटी सात हजारांवर. नव्या व्याख्येप्रमाणे वगळायचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. म्हणजे या माणसाचे वेतन किमान दहा हजार धरावे लागेल. शिवाय नेमणूकपत्र द्यायचे आणि माणूस राजीनामा देऊन गेला किंवा काढला गेला तर त्याचे थकलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करायचे. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. ती पगारपत्रकात उतरवायला मात्र कोणीतरी टेबलावर बसून कागद करावे लागतात.

या टप्प्यावर मुलीने अब्बांना विचारले, "आपल्या कारागिरांचे ईएसआयसी आहे का?" गृहस्थ गप्प झाले. चौदा माणसे, पीस रेटवर काम, शनिवारी हिशेब, मध्ये लागली तर उचल. वही त्यांच्या खिशात. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याला ईएसआयसी लागू होते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी कधी विचारले नव्हते इतकेच. आम्ही विषय ताणला नाही. चहा आला.

आता एक गोष्ट सांगतो. ती आमच्याच हातून झालेली चूक आहे. आमच्या कारखान्यात मराठवाड्यातून आलेला एक हेल्पर लागला. लिहिता-वाचता बेताचेच. भरतीच्या दिवशी फॉर्म आम्ही भरला. त्याच्या नावात पाच शब्द होते. रकान्यात बसत नव्हते. आम्ही आडनाव आधी लिहिले, वडिलांचे नाव गाळले, ‘मोहम्मद’चे ‘एमडी’ केले. रेशनकार्डावर आडनाव शेवटी होते आणि ‘मोहम्मद’ पूर्ण. पुढे बँकेत त्याने तिसऱ्याच क्रमाने नाव लिहिले. तो होता तोवर काही बिघडले नाही. पगार मिळत होता, पावतीवर अंगठा उठत होता. नामनिर्देशनाचा फॉर्म भरला तेव्हा तो अविवाहित होता, म्हणून आईचे नाव. लग्नानंतर नवे नामनिर्देशन भरून घ्यायचे असते. ते आम्ही भरून घेतले नाही. आठवण करून देणे आमचे काम होते.

तो वारला तेव्हा दोन मुले लहान होती. त्याची बायको पीएफ, विम्याची रक्कम आणि विधवा पेन्शन यांचे तीन अर्ज घेऊन आली आणि तिन्ही अर्ज परत आले. कागदावरचा माणूस आणि मेलेला माणूस एकच आहे, हे सिद्ध करा म्हणाले. शपथपत्र, गावच्या सरपंचाचा दाखला, वारसाचा दाखला, पुन्हा शपथपत्र. ती बाई गावाहून एसटीने यायची, एका मुलाला कडेवर घेऊन, आणि आमच्या टेबलासमोर उभी राहायची. ‘भाई, आता काय राहिले?’ असे विचारायची. पैसे मिळाले, पण तिसऱ्या वर्षी. तोवर मोठ्या मुलाची शाळा सुटली होती. तिने आम्हाला कधी दोष दिला नाही, कारण चूक कुठे झाली ते तिला माहीत नव्हते. आम्हाला माहीत होते.

आपल्या नावांची ही अडचण नवी नाही. शेख आधी की नंतर, मोहम्मद पूर्ण की अर्धे, वडिलांचे नाव जोडायचे की नाही, मुलीच्या नावापुढे बानो, बी, खातून लावायचे की नाही. घरात कोणाला फरक पडत नाही. आज पीएफ खाते आधारशी जोडलेले असते. नाव, जन्मतारीख जुळली नाही तर दावा अडतो आणि काही प्रकरणांत दुरुस्तीसाठी कामगार आणि मालक दोघांना मिळून अर्ज करावा लागतो. कंपनी बंद झाली असेल तर आणखी वणवण. भरतीच्या दिवशी टेबलावर बसलेल्या व्यक्तीने पाच मिनिटे जास्त घेतली, आधार समोर ठेवून अक्षर न अक्षर मिळवले, नामनिर्देशन भरून घेतले, तर एका घराची तीन वर्षे वाचतात. एचआर म्हणजे केक, असे म्हणणाऱ्यांना आम्ही ही गोष्ट सांगतो.

हे झाले नाव आत आल्यावरचे. आत येण्याआधीही एक टेबल असते.

अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी २००५ च्या ऑक्टोबरपासून एक प्रयोग केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटणारे, एक दलित, एक मुस्लीम. छासष्ट आठवड्यांत ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज गेले. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याचा योग सुमारे दोन तृतीयांश होता, मुस्लीम नावाला सुमारे एक तृतीयांश. अर्जात फोटो नव्हता, दाढी नव्हती, बुरखा नव्हता. नुसते नाव होते.

२०१५ साली मुंबईतल्या एका हिरे निर्यात कंपनीकडून व्यवस्थापन शिकलेल्या एका मुस्लीम तरुणाला ‘आम्ही फक्त मुस्लिमेतर उमेदवार घेतो’ अशी मेल गेली होती. गाजावाजा झाला, पोलिसात तक्रार झाली. कंपनीने खुलासा केला की मेल पाठवणारी व्यक्ती एचआर विभागातली शिकाऊ होती आणि ती चूक होती. खरे-खोटे बाजूला ठेवा. आमच्या मनात राहिला तो ‘शिकाऊ’ हा शब्द. कोणाचा अर्ज पुढे सरकवायचा आणि कोणाचा बाजूला, हे काम पुष्कळदा खात्यातल्या सर्वांत नव्या, सर्वांत कमी पगाराच्या मुलाकडे किंवा मुलीकडे असते. सरकारी नोकरीत धर्मावरून भेद करायला संविधानाच्या कलम १६ ने मनाई केली आहे. खासगी कंपनीने तसा भेद केला तर दाद मागता येईल असा स्वतंत्र, सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही. तिथे पुष्कळसे त्या टेबलावर कोण बसले आहे आणि त्याला कशाची सवय आहे, यावर राहते.

मुलीच्या अम्मीने इतका वेळ तोंड उघडले नव्हते. आता त्या म्हणाल्या, "मग हिजाब घालून ही मुलाखतीला गेली तर हिला तिथे कोण बसवणार?"

या प्रश्नाला आमच्याकडे गोड उत्तर नव्हते. काही ठिकाणी बसवणार नाहीत. कारण वेगळे सांगतील, ‘क्लायंटसमोर बसावे लागते’ वगैरे. काही ठिकाणी कामाशी काम असते. मोठ्या कंपन्यांत विविधतेचे धोरण कागदावर तरी असते आणि रुग्णालये, शाळा-कॉलेजे, गोदामे, मालवाहतूक, कारखाने इथे काम जाणणाऱ्या माणसाची गरज असतेच. आणखी एक. भिवंडीच्या गोदामांत आणि कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारचे, मराठवाड्याचे, कोकणचे कामगार एकत्र असतात. शाळेत मराठी, घरात उर्दू किंवा दखनी, कॉलेजात इंग्रजी अशी तिन्ही भाषांत वावरलेली मुलगी त्यांच्याशी जे बोलू शकते ते फक्त इंग्रजी येणाऱ्याला जमत नाही. मराठी माध्यमात शिकलो म्हणून आपली मुले दबून असतात. या कामात ते शिक्षण फुकट जात नाही. इंग्रजी मात्र कमवावी लागेल. पत्रे, धोरणे, मेल सगळे इंग्रजीत असते आणि त्यात सूट नाही.

खोटी आशाही आम्ही दाखवणार नाही. आपली एक मुलगी त्या टेबलावर बसली म्हणून नावांचे ढीग आपोआप बदलणार नाहीत. ती सुरुवातीला कनिष्ठ असेल. भरतीच्या एजन्सीत लागली तर दिवसभर उमेदवारांना फोन करत बसेल. पगारही सुरुवातीला बेताचाच. आणि एचआर म्हणजे कामगारांचा वकील नव्हे. पगार मालक देतो. कपातीची यादी आली की पत्रे तिलाच द्यावी लागतील. आम्ही दिली आहेत. ईदच्या आदल्या आठवड्यात दिली आहेत. त्या रात्री जेवण गेले नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मस्टर उघडले. ज्याला हे सोसणार नाही त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याला सोसते त्याच्या हातात एवढे असते की हिशेब पूर्ण निघेल, नोटिशीचे पैसे बुडणार नाहीत, रजेचे पैसे गाळले जाणार नाहीत. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. ती खरीच बसते की फक्त नोटीस बोर्डावर असते, हेही बहुधा या खात्यावरच ठरते. तिथे काम करणाऱ्या आपल्या सुनांना, लेकींना याने फरक पडतो.

तीन वर्षांच्या पदवीवर थांबू नका, हेही आम्ही त्यांना सांगितले. पदवी दार उघडते, खुर्ची देत नाही. कारखान्यातल्या कामगार कल्याण अधिकाऱ्यासारख्या पदांना वेगळी मान्यताप्राप्त अर्हता लागते. परळला कामगार शिक्षणाची जुनी सरकारी संस्था आहे. १९४७ साली ‘बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट’ म्हणून सुरू झालेली ही संस्था आज नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने चालते. हेच ते लोखंडे, ज्यांच्या लढ्यामुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. तिथे कामगारविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. चेंबूरजवळ देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. प्रवेश अवघड, पण आपल्या मुलांनी अर्जच करू नये इतका अवघड नाही. आमचे मत असे की पदवीनंतर एक-दोन वर्षे कारखान्यात किंवा गोदामात पगारपत्रक करावे, मग पुढचे शिक्षण घ्यावे. वर्गात तेव्हा गोष्टी कळतात.

प्रवेशाचे काही. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. इंग्रजी, तर्क, सामान्य ज्ञान आणि संगणकाची प्राथमिक माहिती विचारतात. अर्ज बारावीच्या निकालाआधी भरायचा असतो. ‘आधी निकाल लागू दे’ म्हणत बसणाऱ्या घरांची मुले इथेच मागे पडतात. काही कॉलेजांनी सीईटी टाळण्यासाठी अभ्यासक्रमाचे नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) असे केले आहे. त्यात वाईट काही नाही, पण पदवीच्या प्रमाणपत्रावर काय छापून येणार ते प्रवेशाआधी विचारावे. शुल्काचेही तसेच. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ आहे, पण प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. आपल्यातल्या मोमीन, अन्सारी अशा ओबीसी यादीत असलेल्या घरांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर आत्ताच काढून ठेवावे आणि ठरवलेले कॉलेज, ठरवलेला अभ्यासक्रम या योजनेत बसतो का ते कॉलेजच्या खिडकीवर विचारून घ्यावे. जूनमध्ये तहसीलच्या रांगेत उभे राहून काही हाती लागत नाही.

निघताना गृहस्थ म्हणाले, "चाचा, तीन वर्षे फी भरायची तर ही आमच्या कारखान्याचे मस्टर तरी लिहील ना?" मुलगी म्हणाली, "लिहीन. पण मग वही तुमच्या खिशात राहणार नाही." अम्मी पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

चार दिवसांनी मुलीचा फोन आला. सीईटीचा अर्ज भरायला बसली होती आणि नावाच्या रकान्यावर अडली होती. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि आधारवर वडिलांच्या नावातले ‘मोहम्मद’ अर्धेच. आम्ही सांगितले, अर्ज दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे भर आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घे. शनिवारी कारखान्याचा हिशेब झाला की बापलेक आधार केंद्रावर जाणार आहेत. बाप स्वतःचे नावही दुरुस्त करून घेणार आहे.